क्यूबाचे तेरा दिवस: बखर, चिठोरं आणि टेप

ऑक्टोबर १९६२ मध्ये सोव्हिएत संघ क्यूबात अण्वस्त्रं डागू शकणारी क्षेपणास्त्रं बसवतोय हे अमेरिकेला कळलं, तिने बेटाची सागरी नाकेबंदी केली आणि तेरा दिवस जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर होतं. त्या दिवसांबद्दलचे कागद, टेप आणि आठवणी कशा पडताळायच्या, हा इथला विषय. २४ ऑक्टोबर १९६२ च्या सकाळी व्हाइट हाउसमध्ये बातमी पोहोचली, की क्यूबाकडे निघालेली काही सोव्हिएत जहाजं थांबलीत किंवा मागं वळलीत. त्यावरचं परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांचं वाक्य प्रसिद्ध आहे: आपण डोळ्याला डोळा भिडवून उभे होतो आणि समोरच्याची पापणी आधी लवली. या एका वाक्यावर नंतर अख्खं चित्र उभं राहिलं. समुद्रात नाकेबंदीची रेषा, अलीकडे अमेरिकन विनाशिका, पलीकडे क्षेपणास्त्रं लादलेलं जहाज, मध्ये थोडंसंच पाणी.

मायकल डॉब्स या पत्रकाराने २००८ च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या नोंदींतून जहाजांच्या जागा नकाशावर मांडल्या, तेव्हा हे चित्र कोसळलं. नाकेबंदी लागू झाली २४ तारखेला सकाळी १० वाजता. क्षेपणास्त्रं नेणारं ‘किमोव्स्क’ त्या वेळी रेषेपासून सुमारे ७५० मैल लांब होतं, आणि ते आदल्या दिवशीच परत फिरलं होतं. रस्क खोटं बोलले नव्हते. जहाज वळल्याची खबर वॉशिंग्टनच्या टेबलावर यायला एवढा वेळ लागला, इतकंच.

म्हणून या संकटाची साधनं पडताळायला बसताना वहीत पाच रकाने आखावेत. घटना कधी घडली, लिहिणाऱ्याला ती कधी कळली, कागद कधी लिहिला, कुणासाठी लिहिला, आणि जगापुढे कधी आला. बहुतेक लोक पहिला आणि तिसरा रकाना भरून थांबतात. घोळ होतो तो दुसऱ्या आणि चौथ्यात.

मराठीत इतिहास वाचणाऱ्याला याची अर्धी शिकवण आयतीच मिळालेली असते. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी समकालीन अस्सल चिठोऱ्याला साऱ्या बखरींच्या वर बसवलं, ते आपल्या अंगवळणी पडलंय. क्यूबाच्या बाबतीत हा नियम बराचसा चालतो, पण दोन ठिकाणी दगा देतो. एक म्हणजे इथली काही अस्सल चिठोरी मुद्दाम अर्धवट लिहिलेली आहेत, तीही प्रसंगानंतर तीन दिवसांत. दुसरं, काही गोष्टी तीस-चाळीस वर्षांनी सांगितलेल्या बखरींतूनच पहिल्यांदा कळल्या आणि मग कागदांनी त्यांना दुजोरा दिला. निदान काही भागाला तरी.

आधी घड्याळ लावून घ्या, कारण साध्या बेरीज-वजाबाकीत लोक फसतात. २७ ऑक्टोबरपर्यंत वॉशिंग्टनचं घड्याळ उन्हाळी वेळेवर होतं, म्हणजे मॉस्को ७ तास पुढे. २८ ऑक्टोबरला, ऐन निकालाच्या रविवारी, अमेरिकेत घड्याळं तासभर मागं आली आणि फरक ८ तासांचा झाला. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हचं क्षेपणास्त्रं काढून घेण्याचं उत्तर मॉस्को रेडिओवर संध्याकाळी ५ ला वाचलं गेलं, ते वॉशिंग्टनचे सकाळचे ९. आदल्या दिवसाचा ७ तासांचा हिशेब इथे लावला तर १० येतात आणि पुढची सगळी साखळी तासाने सरकते. नौदलाच्या संदेशांत शिवाय ग्रीनिच वेळ असते. ‘वेळ’ या एकाच रकान्यात तिन्ही घड्याळं मिसळली की कारण आधी की परिणाम आधी, हेच सांगता येत नाही.

आता टेप. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींनी १९६२ च्या उन्हाळ्यात व्हाइट हाउसमध्ये गुप्त ध्वनिमुद्रण बसवून घेतलं होतं. आपलं बोलणं टिपलं जातंय हे मंत्रिमंडळाच्या खोलीत बसलेल्या जवळजवळ कुणालाच माहीत नव्हतं. ही टेप आहेत हे बाहेर फुटलं १९७३ मध्ये, निक्सनच्या टेपांचा गवगवा झाला तेव्हा. म्हणजे १९६० च्या दशकात लिहिलेल्या आठवणी आपल्या शब्दांशी कुणी ताडून पाहील या भीतीविना लिहिल्या गेल्यात. आठवणींना याहून चांगली कसोटी मिळणं कठीण.

पण टेपलाही मालक होता. यंत्र केनेडी स्वतः बटणाने चालू-बंद करत. ते बोलताना त्यांना ठाऊक होतं, इतरांना नव्हतं, हा फरक प्रत्येक वाक्यामागे धरावा लागतो. आणि जे टिपायचं नव्हतं ते टिपलेलं नाही. २७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मोजके लोक राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात वेगळे बसले आणि तुर्कस्तानातली अमेरिकन क्षेपणास्त्रं गुपचूप काढण्याचं आश्वासन सोव्हिएत राजदूताला द्यायचं ठरलं. संपूर्ण तेरा दिवसांतली ही सर्वांत नाजूक बैठक, आणि नेमकी तिची टेप नाही.

दुसरी अडचण कानाची. एकावर एक बोलणारे पंधरा माणसांचे आवाज, कपबशा, खुर्च्या, यंत्राची खरखर. १९९७ मध्ये छापून आलेल्या उताऱ्यांत केनेडी ग्रंथालयात काम केलेले इतिहासकार शेल्डन स्टर्न यांनी बऱ्याच चुका दाखवल्या: शब्द चुकीचे ऐकलेले, कधी वाक्य भलत्याच्या तोंडी. नंतर सुधारलेली आवृत्ती निघाली. तेव्हा छापील उतारा वापरायचा तर निदान आपण ज्या दोन-चार वाक्यांवर भार टाकणार आहोत ती ध्वनिफितीवर ऐकून घ्यावीत. उतारा हा शेवटी टेपचा अर्थ लावणाऱ्याचा कागद आहे.

त्याच बैठकांची राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे सचिव ब्रॉम्ली स्मिथ यांनी लिहिलेली अधिकृत टिपणंही आहेत. टेप आणि टिपण शेजारी ठेवून एकदा वाचावं. २७ तारखेला केनेडी पुन्हा पुन्हा त्याच मुद्द्यावर येतात: तुर्कस्तानच्या बदल्यात क्यूबा हा सौदा जगातल्या कुठल्याही समंजस माणसाला वाजवीच वाटेल, मग आपण लढायचं कशासाठी? टेपवर हा हेका, आजूबाजूच्यांचा विरोध आणि गोंधळ जाणवतो. टिपणात सगळे जण एकामागून एक, मुद्देसूद बोलतात. मुद्दा हरवत नाही, वजन हरवतं.

आता त्या संध्याकाळची भेट. ही सगळ्यांत बारकाईने पाहण्यासारखी.

२७ ऑक्टोबरला संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास राष्ट्राध्यक्षांचे भाऊ, ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी आणि सोव्हिएत राजदूत अनातोली दोब्रिनिन न्याय खात्यात भेटले. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. या एका संभाषणाचे निदान चार वृत्तांत आपल्याकडे आहेत.

पहिला, दोब्रिनिनची तार, भेटीनंतर लगेच मॉस्कोला धाडलेली. दुसरा, रॉबर्ट केनेडींचं रस्क यांच्या नावाचं टिपण, तारीख ३० ऑक्टोबर. तिसरा, रॉबर्ट केनेडींच्या आठवणींचं पुस्तक, त्यांच्या हत्येनंतर १९६९ मध्ये निघालेलं. चौथा, ख्रुश्चेव्हने निवृत्तीत टेपवर सांगितलेल्या आणि १९७० मध्ये पाश्चात्त्य देशांत छापल्या गेलेल्या आठवणी.

मोजणीने पाहिलं तर चार साक्षी. पण चौथा त्या खोलीत नव्हताच. ख्रुश्चेव्हला जे कळलं ते दोब्रिनिनच्या तारेतून, म्हणजे ती पहिल्या साक्षीचीच आठ वर्षांनी मुरलेली लोणच्याची फोड. फरक बघा. तारेत रॉबर्ट केनेडी अस्वस्थ आहेत, सेनापतींमध्ये आणि इतरांतही लढाईला आसुसलेली डोकी आहेत असं म्हणतात. ख्रुश्चेव्हच्या आठवणींत ते जवळजवळ रडकुंडीला आलेत आणि लष्कर राष्ट्राध्यक्षांनाच उलथून टाकेल अशी भीती घालतात. लष्करी बंडाची ही गोष्ट कितीतरी लेखांत ‘दोन सोव्हिएत साधनांचा आधार’ म्हणून येते. साधन एकच आहे, आणि त्यात बंड नाही.

आता पहिले दोन. तुर्कस्तानात अमेरिकेची १५ ज्युपिटर क्षेपणास्त्रं होती. दोब्रिनिनच्या तारेप्रमाणे रॉबर्ट केनेडींनी सांगितलं, की ती काढायला राष्ट्राध्यक्षांना अडचण दिसत नाही, पण हे जाहीर करता येणार नाही आणि चार-पाच महिने लागतील. टिपणात लिहिलंय, की कुठलाही सौदा होऊ शकत नाही असं आपण बजावलं. पण त्याच टिपणाच्या मसुद्यात पुढे एक वाक्य आहे: काही काळ गेला, चार-पाच महिने, तर या बाबी समाधानकारक सुटतील याची मला खात्री आहे. हे वाक्य हाताने खोडलेलं आहे.

त्या खोडलेल्या ओळीचं मोल मला अख्ख्या पुस्तकाहून जास्त वाटतं. दोब्रिनिनने हे टिपण पाहिलेलं नाही, रॉबर्ट केनेडींनी ती तार पाहिलेली नाही. दोघांचे धनी वेगळे, स्वार्थ उलट, आणि तरी ‘चार-पाच महिने’ हा तपशील दोन्हीकडे आहे. याला म्हणायचं दुजोरा. वर ते खोडलंय, म्हणजे ते नोंदीत राहू नये असं कुणाला तरी वाटलं. टिपण कुणासाठी, हा चौथा रकाना इथे कामाला येतो. ते दप्तरासाठी होतं, आणि आश्वासन दप्तरात ठेवायचं नव्हतं. अस्सल, समकालीन, सहभागी माणसाचं, आणि तरी मुख्य मुद्द्यावर मिठाची गुळणी धरलेलं.

पुस्तकाचं काय? त्यात सौदा नव्हता असं सांगून, राष्ट्राध्यक्षांना ती क्षेपणास्त्रं आधीपासून हलवायची होती आणि संकट टळल्यावर ती लवकरच जातील असं आपण बोललो, एवढंच येतं. १९८९ मध्ये मॉस्कोतल्या परिषदेत राष्ट्राध्यक्ष केनेडींचे सल्लागार आणि भाषणलेखक टेड सोरेन्सन यांनी कबूल केलं, की मूळ रोजनिशीत हा सौद्याचा भाग असल्याचं स्पष्ट होतं आणि पुस्तकाचं संपादन करताना ते आपणच काढलं. वीस वर्षं जगाने संपादकाची कात्री वाचली होती. दोब्रिनिनची तार सगळ्यांना वाचायला मिळाली त्यानंतर, १९९० च्या दशकाच्या मध्यावर.

३० ऑक्टोबरची दोब्रिनिनची आणखी एक तार आहे, तीही सोबत ठेवावी. तुर्कस्तानचा समझोता ख्रुश्चेव्हने पत्रात लिहून पाठवला, तर रॉबर्ट केनेडींनी ते पत्र परत केलं. असं पत्र पुढेमागे उजेडात आलं तर आपल्या राजकीय भवितव्याला धक्का बसेल, असं त्यांनी म्हटल्याचं दोब्रिनिन कळवतो. कागद का नाही याचं उत्तर देणारा कागद क्वचित मिळतो, हा त्यांतला एक. आणि शब्द बाजूला ठेवून कृती पाहायची तर एप्रिल १९६३ पर्यंत तुर्कस्तानातली ज्युपिटर निघाली होती. महिने मोजा.

आकड्यांकडे वळू. ‘क्यूबात किती क्षेपणास्त्रं होती’ याला २४, ३६ आणि ४२ अशी तीन उत्तरं छापलेली सापडतात, आणि लेखक एकमेकांना चूक ठरवत बसतात. तिन्ही बरोबर आहेत. मध्यम पल्ल्याच्या आर-१२ क्षेपणास्त्रांसाठी उडवणी-मंच २४, त्यांची अण्वस्त्र-शीर्षं ३६, आणि सरावाची ६ धरून क्षेपणास्त्रं ४२. लांब पल्ल्याची आर-१४ क्षेपणास्त्रं पोहोचलीच नाहीत, पण त्यांची २४ शीर्षं जहाजातून येऊन बंदरात थांबली होती. अमेरिकेच्या यू-२ टेहळणी विमानांच्या छायाचित्रांत मंच दिसत, ताडपत्रीखालची लांबी मोजता येई. अण्वस्त्र-शीर्षं मात्र खात्रीने ओळखता आली नाहीत. छायाचित्राला साधन म्हणून विचारायचा प्रश्न हाच: यात काय दिसू शकतं आणि काय मुळातच दिसू शकत नाही? माणसं मोजण्यात तर फारच फसगत झाली. अंदाज सुमारे १०,००० सोव्हिएत सैनिकांचा, प्रत्यक्षात ४२,००० च्या घरात.

इथेच बखरीने दार उघडलं. जानेवारी १९९२ मध्ये हवानातल्या परिषदेत जनरल अनातोली ग्रिब्कोव्ह यांनी सांगितलं, की युद्धभूमीवर वापरायची छोटी अण्वस्त्रंही बेटावर होती. तीस वर्षं अमेरिकेला याचा पत्ता नव्हता. हे खरं निघालं, किंबहुना त्यांनी सांगितल्याहून जास्त निघालं: लूना रॉकेटांची १२ अण्वस्त्र-शीर्षं, क्रूझ क्षेपणास्त्रांची ८० आणि इल्युशिन-२८ विमानांसाठी ६ बाँब. पण त्याच भाषणातला दुसरा दावा, की हल्ला झाल्यास ती वापरायची मुभा क्यूबातल्या सोव्हिएत फौजेचे सेनापती प्लियेव यांना होती, कागदांपुढे टिकला नाही. तसा आदेश सप्टेंबरमध्ये तयार झाला होता, पण त्यावर सही नव्हती. आणि २७ ऑक्टोबरला संरक्षणमंत्री मालिनोव्स्की यांनी मॉस्कोच्या परवानगीशिवाय वापर नाही अशी तार केली. एकाच माणसाच्या एकाच भाषणातलं एक वाक्य खरं आणि पुढचं चूक. साक्षीदाराला सरसकट ‘विश्वासार्ह’चा शिक्का मारणं म्हणूनच धोक्याचं, शिक्का वाक्यावाक्याला लागतो. सही नसलेला मसुदा हा आदेश नसतो हेही यात आलंच, आणि आपल्याकडे सरकारी फायली चाळलेल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको.

सोव्हिएत पाणबुडी बी-५९ ची गोष्ट आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते: २७ ऑक्टोबर, वर अमेरिकन विनाशिका, खाली गुदमरलेले खलाशी, कप्तान सावित्स्की अण्वस्त्र टॉर्पेडो सज्ज करायला सांगतो, आणि पाणबुडीवरचा दुसरा वरिष्ठ अधिकारी वासिली अर्खिपोव्ह एकटा ‘नाही’ म्हणून जग वाचवतो. हिचा मुख्य आधार वादिम ओर्लोव्ह यांची आठवण. ते पाणबुडीवर संदेश टिपणाऱ्या गटात होते, आणि त्यांचं कथन प्रसिद्ध झालं २००२ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. ५० अंशांच्या आसपास तापमान, बॅटऱ्या संपत आलेल्या, डोक्यावर स्फोट, सावित्स्कीचा संताप, हे सगळं त्यांचं. अण्वस्त्र टॉर्पेडो पाणबुडीवर होता याबद्दल वाद नाही.

अर्खिपोव्ह यांनी स्वतः १९९७ मध्ये मॉस्कोत दिलेला वृत्तांत अलीकडे इंग्रजीत आला, आणि त्यात सर्वांत धोक्याचा क्षण पाण्याखाली नाहीच. पाणबुडी रात्री वर आल्यानंतरचा आहे. डोक्यावरून घिरट्या घालणारी विमानं, प्रखर झोत, जवळून जाणारा मारा. आपल्यावर हल्ला झाला असं समजून सावित्स्की तातडीने बुडी मारायचा हुकूम देतो, आणि तेवढ्या वेळात अर्खिपोव्हच्या लक्षात येतं की हा हल्ला नाही, इशारे आहेत.

दोन्ही जमवायची कशी? अमेरिकन नौदलाच्या नोंदी घ्या. ‘बील’ आणि ‘कोनी’ या विनाशिकांनी संध्याकाळी सरावाचे स्फोटक आणि हातबाँब टाकून वर येण्याचा इशारा केल्याचं त्यांत आहे, आणि पाणबुडी नऊच्या जरा आधी वर आली हेही. ‘कोनी’वरच्या एका अधिकाऱ्याच्या आठवणीत विमानाने छायाचित्रासाठी पेटती उपकरणं टाकली, पाणबुडी बिथरली आणि ‘कोनी’ने दिव्याच्या संकेतांनी माफी मागितली, असं येतं. म्हणजे पृष्ठभागावरच्या प्रसंगाला दोन विरुद्ध बाजूंच्या जहाजांवरून साक्ष आहे. पाण्याखालच्या हुकमाला पाणबुडीतल्या एकाचीच, आणि त्याच ताफ्यातल्या दुसऱ्या कप्तानाने तिच्याबद्दल शंका घेतली आहे. टॉर्पेडो सोडावा की नाही यावर तिघा अधिकाऱ्यांचं ‘मतदान’ झालं हे तर सांगोवांगीत रंगत गेलेलं रूप. अर्खिपोव्ह यांचं श्रेय यात कमी होत नाही, फक्त त्याची वेळ आणि जागा बदलते.

भाषेचा एक फास हवानात आहे. २६-२७ च्या रात्री क्यूबाचा नेता कास्त्रोने सोव्हिएत दूतावासात ख्रुश्चेव्हला पत्र सांगितलं. स्पॅनिशमधलं बोलणं, राजदूत अलेक्सेयेव्ह यांच्या मध्यस्थीने रशियनमध्ये गेलेलं. पत्रात अट आहे: अमेरिकेने क्यूबावर आक्रमण करून बेट व्यापायचा प्रयत्न केला, तर तो धोका कायमचा संपवायची ती वेळ असेल. ३० ऑक्टोबरच्या उत्तरात ख्रुश्चेव्ह म्हणतो, तुम्ही आम्हाला पहिला अणुहल्ला करायला सुचवलंत. कास्त्रोने लगेच ते नाकारलं. ही पत्रं १९९० मध्ये क्यूबाने छापली. अट गाळून सारांश देणाऱ्याने कुणाची तरी बाजू घेतलेलीच असते, मग त्याला ते कळो न कळो.

आपल्या बाजूची एक आठवण इथेच घालतो, कारण ती एरवी भलत्याच धड्यात असते. चीनने २० ऑक्टोबरला भारतावर हल्ला केला, केनेडींचं भाषण २२ चं. २५ ऑक्टोबरला सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या ‘प्रावदा’ या मुखपत्राने चीनच्या प्रस्तावाला पाठिंबा देणारा अग्रलेख छापला आणि दिल्लीला धक्का बसला. तो अग्रलेख नेफाच्या (आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या) फायलीत एकटा वाचला तर रशियाने भारताची साथ सोडली असं वाटतं. क्यूबाच्या तारखा शेजारी मांडल्या की दिसतं, त्या आठवड्यात मॉस्कोला पेइचिंग दुखवायचं नव्हतं. संकट टळल्यावर नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर पुन्हा मधला झाला. यशवंतराव चव्हाण मुंबईहून संरक्षण खातं घ्यायला दिल्लीला गेले, त्याच्या आगेमागेच क्यूबाची नाकेबंदीही उठली. २० नोव्हेंबरला.

राहिला एक नग, ज्याला कुठल्या रकान्यात बसवावं हे ठरत नाही. १९८७ मध्ये रस्क यांनी एका परिषदेला पत्र लिहून कळवलं, की २७ ऑक्टोबरला केनेडींनी आणखी एक वाट तयार ठेवली होती: कोलंबिया विद्यापीठातल्या अँड्र्यू कॉर्डियर यांनी, खूण मिळताच, तुर्कस्तान-क्यूबा अदलाबदलीचं निवेदन संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांच्या हाती द्यायचं. म्हणजे केनेडी जाहीर सौद्यालाही तयार होते. टेपवरच्या त्यांच्या सुराशी हे जुळतं. पण सांगणारा एकटा, पंचवीस वर्षांनी. आणि कॉर्डियर १९७५ मध्येच वारले. माझ्या वहीत ती ओळ पेन्सिलने आहे.